टिनावर वानर उतरलं तेव्हा

माझं सगळं बदललं ते आमच्या पांढुर्ण्याच्या गोटमारीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरणाऱ्या दगडफेकीच्या जत्रेत. नदीच्या दोन्ही काठांवरून दगडं चालू होती आणि पल्याडून आलेला एक गोटा माझ्या शेजारी उभ्या दादाच्या कपाळावर बसला. भावांनो, दादा बरा झाला, मी अजून झालो नाही. कॉलेजही तेव्हाच सुटलं.

आज सौंसरला मयुरीच्या घरी तिला मागणी घालायला गेलो होतो. चहा हातात आला आणि वरच्या टिनावर वानरानं धाडकन उडी मारली. कळायच्या आत मी टेबलाखाली होतो, डोकं हातांनी झाकून.

तिचे बाबा हसले. "काय बे पोट्ट्या, वानराले भिऊन राहिला? माह्या पोरीले काय सांभाळशील?"

"बाबा, हसू नका," मयुरी म्हणाली. "त्याच्या डोक्यात गोटमार अजून सुरूच आहे."

डॉक्टरही तेच सांगतात. धोका टळला तरी मेंदूतला भोंगा वाजत राहतो, मग माणूस एक तर लपतो, नाही तर मारायला धावतो. माझं लपून झालं होतं. आता मुठी वळल्या होत्या.

तुमच्या घरात असं कोणी दचकलं, तर तुम्हीही हसता का?

"येतो काकाजी," म्हणून मी निघालो. दार आपटायची लय इच्छा होती, पण तो आवाज मलाच झेपला नसता. हळूच लावलं.