अक्कांसाठी आणलेलं बेसिन

जळगावच्या आमच्या घरी बेसिन आणलं ते सासूबाईंसाठी. सगळे त्यांना अक्का म्हणत. गुडघे धरल्यामुळे त्यांना मोरीत बसून तोंड धुणं जमेना. मीच ह्यांच्यामागे लागले, तेव्हा कुठे बाथरूमच्या भिंतीला पांढऱ्या टाइल्स लागल्या आणि बेसिन आलं.

बसवायला प्लंबर आला त्या दिवशी मी शाळेत शिकवत होते. संध्याकाळी येऊन बघते तर बेसिन माझ्या छातीशी! अक्का माझ्याहून वीतभर बुटक्या. टाचा उंचावून त्यांनी नळाखाली हात धरले, तर पाणी कोपरावरून थेट चोळीत.

"हाई बेसिन शे का फडताळ?" त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे माय, मी मोरीमाच धुई लिसू."

मी ह्यांना विचारलं, "माप कुणाचं घेतलं?"

"माझं. दाढी करताना वाकायला नको, असं प्लंबरच म्हणाला."

अक्का दिवसभर घरात होत्या, पण त्यांना हाक मारावी असं दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी प्लंबरला बोलावलं, तर तो म्हणाला, "बाई, बायामाणसांच्या मापानं कोणी बेसिन लावतं का? आणि आता काढलं तर टाइल फुटेल."

"होईल तिला सवय," हे म्हणाले आणि त्यांनी बेसिनखाली पाट ठेवला.

चौथ्या दिवशी ओल्या पाटावरून अक्कांचा पाय सरकला. त्यांनी बेसिनची कड धरली आणि बेसिन पेलणारा एका बाजूचा ब्रॅकेट लाकडी खुंटीसकट भिंतीतून बाहेर आला. नशीब, मनगट मुरगळण्यावरच निभावलं. सूज बघून ह्यांचा चेहरा उतरला, पण मला त्यांची दया आली नाही.

मी शाळेत रजा टाकली. अक्कांना भिंतीला लागून उभं केलं, कोपर वाकवायला सांगितलं आणि पेन्सिलीने टाइलवर खूण केली. "भाऊ, इथे," मी प्लंबरला म्हटलं आणि काम संपेपर्यंत दारातून हलले नाही. त्याने छन्नीने भोकं पाडली. एक टाइल तडकली. "फुटू दे," मी म्हटलं. या वेळी त्याने ब्रॅकेट विटेपर्यंत खोल घालून सिमेंटात पक्के केले आणि मी दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी बेसिन चढवून त्याने नळ सोडला. अक्का सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी सावकाश तोंड धुतलं. तेवढ्यात त्या गृहस्थाने मागे वळून ह्यांना विचारलं, "साहेब, आता बरोबर आहे ना?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण माझ्याआधी अक्काच कडाडल्या, "त्याले काय इचारस? तोंड मी धुई ऱ्हायनू ना!"