फलकावरच्या बाई

“मॅडम, ये ‘बाई’ हटाइए. बाई तो कामवाली को बोलते हैं.” आमच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर साहेबांनी लाल पेनने चंद्राबाईंच्या नावातलं ‘बाई’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘श्रीमती चंद्रा देवी’.

मी तेव्हा दिल्लीत सरकारी बांधकाम खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होते. मुलींच्या एका कॉलेजचं नवं हॉस्टेल आम्ही बांधलं होतं. कॉलेज उभं केलं चंद्राबाईंनी, म्हणून हॉस्टेलला त्यांचं नाव. संगमरवरी फलकाचं काम माझ्याकडे होतं. कोरण्याआधी अक्षरं खऱ्या मापात कागदावर काढतात, त्याला ट्रेसिंग म्हणतात. त्यावर साहेबांची सही झाली की छिन्नी चालते. दगडावर खोडरबर चालत नाही.

माझं डोकंच फिरलं. आईच्या तरुणपणी या बाई सरोजिनी नगरच्या क्वार्टरांची दारं ठोठावत फिरायच्या. “मुलीला कॉलेजात पाठवा, बाकी मी बघते,” म्हणायच्या. माझ्या आजोबांनी तोंडावर दार लावलं, तर बाई जिन्यात बसून राहिल्या. शेवटी आजोबाच बाहेर आले. आई बी.ए. झाली ती त्यामुळे.

“सर, मराठी में टीचर को इज़्ज़त से बाई कहते हैं.”

“ये दिल्ली है.”

“दिल्ली में ही रहती हूँ सर, लक्ष्मीबाई नगर में. वहाँ का बाई भी हटाएँगे?”

“अरे यार, वो रानी थीं!”

“और इनकी शादी नहीं हुई. श्रीमती कैसे?”

“इस उम्र में कौन पूछता है? चलो, काम कराइए.”

राणीला चालतं, शिकवणाऱ्या बाईंना नाही! आणि धुणीभांडी करणारीला बाई म्हणतात म्हणून तो शब्द विटाळला की काय? मी लेखी हरकत घेतली. साहेबांनी ती न वाचता ट्रेसिंगवर सही ठोकली. दगड कोरला गेला.

उद्घाटनाला बाई आल्या. ऐंशीच्या घरातल्या, पण ताठ. पडदा ओढला, चष्मा पुसला, फलक मोठ्यानं वाचला. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, “ये देवी जी कौन हैं? उद्घाटन उन्हीं से करवाते.”

शामियान्यात हशा पिकला. मला मात्र हसू येईना. ज्यांनी आमच्या घरातल्या बायकांना नाव मिळवून दिलं, त्यांचंच नाव त्यांच्यासमोर पुसलेलं होतं. बाईंनी पडदा परत ओढून घेतला आणि हॉस्टेलच्या पायरीवर जाऊन बसल्या.

“सही नाम लगाइए. तब तक बैठी हूँ.”

साहेबांनी हात जोडले, माफी मागितली, नवा फलक करतो असं माइकवर सगळ्यांदेखत कबूल केलं. तेव्हा कुठे बाई उठल्या.

नवा फलक लागला. त्यावर ‘चंद्राबाई’. मला मात्र मेमो आला: जुना दगड वाया का घालवला, खुलासा करा. मी कळवलं, वाया गेलेला नाही. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात ओट्यावर उलटा बसवलाय, तिथल्या बाई त्यावर पोळ्या लाटतात.

दगड पालथा घालून कामाला लावता येतो. साहेबांचं तसं करता येत नाही.