पाहुण्याचा भात

आईने मला पकडलं ते मुंग्यांवरून.

चामटोलीच्या पुढे डोंगराला लागून आमची ठाकर आदिवासींची वाडी आहे. मी राहतो पालेगावात, टॉवरमध्ये, आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. रविवारी आम्ही नवराबायको आईकडे जेवायला जातो. आई मला खुर्चीवर बसवते, गोड चहा देते, मग पांढराशुभ्र भात, वर शिरा. स्वतः मात्र चुलीपुढे आमच्याकडे पाठ करून नाचणीची भाकरी आणि ओहोळातल्या चिंबोऱ्यांचा रस्सा खाते. वास अंगणभर सुटतो. मी भात गिळत राहतो.

हे तिला शिकवलं मीच. आजवर कुणाला सांगितलं नाही. नवी नोकरी होती, कारखान्यातले एक साहेब जेवायला यायचे होते. मी आधीच येऊन बजावलं, ‘भाकरी, चिंबोऱ्या, सगळं झाकून ठेव. भात कर.’ तिने झाकलं. साहेब एकदाच आले, भात माझ्या ताटात कायमचा राहिला.

मध्यंतरी मला शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली, म्हणाले, भात कमी, गोड बंद, नाचणी खा. म्हणून मी कॅम्प दोनच्या सिंधी बाजारातून नाचणीची बिस्किटं आणू लागलो. दुकानदार म्हणतो, “साईं, एकदम हेल्दी, ले जाओ.” आईला मात्र कळू दिलं नाही. वाडीत हल्ली शुगर घरोघर शिरलीय. पुड्यातली बिस्किटं आली, बाटलीतलं गार आलं, डोंगरावरची भाजी खुडायला कोणी जात नाही. माझ्या काकाचा पाय त्यातच कापावा लागला. आईला परत ती धास्ती कशाला, असं मी स्वतःला समजवायचो. खरं म्हणजे त्या साहेबाचा विषय काढायची हिंमत नव्हती.

मागच्या रविवारी मी घरामागे करवंदीच्या जाळीत लघवीला जाऊन आलो. घटकाभराने आई तिकडूनच आली, कमरेवर हात.

“काय रं, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“जाळीखाली मुंग्यांची जत्रा भरलीय. तुझ्या काकाच्या टायमाला पण अशीच भरायची. आन् मी येडी तुला शिरा चारते! तोंड नाय तुला?”

बायकोला तेवढंच हवं होतं. “आई, घरी तुमच्यापासून चोरून बिस्किटं खातात. नाचणीची.”

“नाचणीची? बघू.”

पुडा तिच्या पर्समध्येच होता. आईने एक चावून बघितलं. “शेणी बरी! आन् ह्याच्यात साखर हाय की रं!”

आम्ही तिघं इतके हसलो की कोंबड्या पळाल्या. त्या हसण्यातच माझ्या तोंडून निघून गेलं, “आई, मला भात नको असतो. तुझ्या ताटातलं हवं असतं.”

“मला वाटलं, तुला लाज वाटते.”

“वाटायची.”

तिने खुर्ची उचलून आत नेली आणि टोपली आणून माझ्या हातात दिली. “म्हंजे आता तू पाहुणा नायस. जा ओहोळावर. चिंबोऱ्या कोण आणील, तुझा साहेब?”

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी पाण्यात उतरलो. पहिल्याच दगडाखाली चिंबोरीने बोट धरलं. मी बोंब ठोकली. काठावर सासूसुना एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या.

“मागून धर, पोरा, मागून! समदं इसरला!”

संध्याकाळी आईशेजारी, चुलीपुढेच बसलो. बोट सुजलं होतं, भाकरी मोडेना. आईने मोडून दिली, रश्शात बुडवली आणि म्हणाली, “गोळी घेतलीस का आधी?”