टोटल तीन

आमच्या ललिताने जन्मात कधी कुणाच्या दारावर टकटक केलेली नव्हती. करेल कशाला? एकतीस वर्षं येरवड्याच्या जेलमध्ये, बायकांच्या बाजूला नोकरी केली. शिपाई म्हणून लागली, हवालदार होऊन निवृत्त झाली. तिथे दार उघडायचं आणि लावायचं काम हिचंच. दोन वर्षांपूर्वी निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ घेऊन बाई घरी आल्या, आणि जेल आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सुरू झालं.

मी दशरथ, तिचा नवरा. मी बस चालवायचो. सिग्नलशिवाय कुणाला घाबरलो नाही, पण घरात पाकिटाची, खिशाची, कपाटाची झडती मुकाट्याने देत आलो. आता सांगून काय उपयोग म्हणा.

हिची एक सवय मात्र मुलगा झाल्यापासूनची. संध्याकाळी बरोबर सातला ही हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली उभी राहून माणसं मोजायची. जेलमध्ये बराकी बंद करण्याआधी मोजतात तशी. त्याला ही टोटल म्हणते. एक मी, दोन आमचा मुलगा समाधान, तीन ती स्वतः. "टोटल तीन" असं मोठ्याने म्हणायचं आणि मग कुकर लावायचा. हिची ड्यूटी असली तर तेवढ्यापुरता फोन करून मोजायची. हसू नका, खरं सांगतोय.

मग समाधानला बंगलोरला नोकरी लागली. तो गेला त्या संध्याकाळी ही सातला उभी राहिली, "एक" म्हणाली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून "दोन" म्हणाली आणि तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून टोटल बंद. कुकर तेवढा लागायचा. सात वाजले की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

अशात हिला कुठूनसं कळलं की मराठी शिकायला आलेल्या परदेशी मुलांना एक संस्था घरोघरी ठेवते. हिने अर्ज केला. तपासणीला तेजस्विनी मॅडम आल्या. कडक इस्त्रीचा कुर्ता, हातात फॉर्म.

"काकू, आपण कुठे होतात नोकरीला?"

"सरकारी."

"कुठलं खातं?"

"गृह खातं."

मला चहाचा ठसका लागला. मॅडमनी "वा!" म्हणून लिहून घेतलं आणि जाताना बारा पानी नियमावली देऊन गेल्या. हिने ती फ्रिजवर ठेवली, तिच्यावर बरणी ठेवली, विषय संपला.

जुलैत नॉर्वेहून इंग्रिड आली. बावीस वर्षांची, माझ्याहून वीतभर उंच, मराठी पुस्तकातलं. "नमस्कार, मी आपली आभारी आहे," वगैरे. हिने तिला पाणी दिलं आणि दुसऱ्या हाताने तिची बॅग उघडली! पोरगी बघत राहिली. आतून निघाला तपकिरी चीजचा ठोकळा आणि चीज कापायची पट्टीसारखी सुरी.

"हे काय?"

"चीजसाठी, काकू."

"धार आहे. जमा," ही म्हणाली. सुरी रुमालात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर गेली, कागदावर नाव आणि तारीख लिहून. मी कपाळावर हात मारला. इंग्रिडने वही काढली आणि 'जमा' हा शब्द लिहून घेतला.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला दार सताड उघडायचं. "ऊठ ग इंगू, ऊन आलं." कपाट उघडून तिचे कपडे घडी करून लावायचे, बोळा झालेले मोजे वर धरून प्रश्न विचारायचे. आणि सातला हॉलमध्ये. एक मी, दोन इंगू, तीन ती. "टोटल तीन!" अहो, पहिल्या दिवशी तो आवाज ऐकला आणि मी टीव्हीच बंद केला.

महिना बरा गेला. मग इंग्रिडने वर्गात निबंध लिहिला, 'माझे पुण्यातले घर'. त्याची प्रत तेजस्विनी मॅडमनी मला फोनवर वाचून दाखवली, एकेक वाक्य मोजून मापून.

"'काकू रोज माझी झडती घेतात. माझी सुरी जप्त आहे. संध्याकाळी सात वाजता मला मोजतात. काका कायम दारात बसतात.' काका, हे काय चाललंय?"

आता दारात मी बसतो कारण मोबाइलला रेंज तिथेच येते. पण हे सांगायला तोंड उघडायला मिळालं तर ना! मॅडम म्हणाल्या, शनिवारी येते. मुलीची तक्रार असेल तर तिला त्याच दिवशी कोथरूडला दुसऱ्या कुटुंबात हलवू. तिथे स्वतंत्र बाथरूम आहे.

हिला सांगितलं. मला वाटलं, आता भांडी आपटतील. काही नाही. फ्रिजवरची बरणी बाजूला केली, नियमावली काढली, चष्मा लावून बाराही पानं वाचली. शेवटी एवढंच म्हणाली, "माझ्याकडे एवढ्या बायका राहून गेल्या. कुणी असं लिहून दिलं नव्हतं."

"अगं, त्यांना निबंध नव्हता," मी म्हणालो. माझ्याकडे असं बघितलं की मी दारात जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे नियम लागू झाले. सकाळी इंग्रिडच्या दारावर तीनदा टकटक. "आत येण्याची परवानगी आहे का?" तिने हो म्हटलं तरी उंबऱ्यातूनच, "नाश्त्याला पोहे आहेत. इच्छा असल्यास यावे." इच्छा असल्यास! माझ्या घरात! पोहे संपले की दुसऱ्यांदा वाढायचे नाहीत, कारण पान चार, कलम सहा, आग्रह करू नये. मलाही सोडलं नाही. मी दाढी करत होतो तर बाथरूमच्या दारावर टकटक. "आपला खाजगी वेळ चालू आहे का?"

"ललिता, बास झालं."

"नियम आहे," ही म्हणाली.

पुण्यात राग असा काढतात. ओरडायचं नाही, समोरच्याचंच म्हणणं तंतोतंत पाळायचं, इतकं पाळायचं की त्याला स्वतःची लाज वाटावी. गंमत ही की इंग्रिडला यातलं काही कळेना. आपल्याकडे नियम पाळले म्हणजे माणूस रागावलाय, हे तिला कोण सांगणार? मी एकदा सांगायला गेलो, तर हिने पान सात दाखवलं. कुटुंबातले वाद विद्यार्थ्यासमोर आणू नयेत.

आणि टोटल बंद. सातला ही बाल्कनीत जाऊन कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायची. त्या आठवड्यात कढीपत्ता बुडून मेला नाही हेच नशीब. पण मी दारातून एक पाहत होतो. सात वाजले की इंग्रिड खोलीबाहेर यायची. फोटोखाली जरा उभी राहायची, घड्याळाकडे बघायची, उगाच पाणी प्यायची आणि परत आत जायची. सहाही दिवस. मला मेल्याला ते दिसत होतं आणि मी बोललो नाही, कारण मला वाटलं पोरीला तहान लागते.

शनिवारी अकराला मॅडम आल्या. हिने टेबलावर सुरी आणून ठेवली, रुमालासकट, कागदासकट. "जमा वस्तू परत. सही लागेल." मग नियमाप्रमाणे आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो, मुलीला मोकळेपणाने बोलता यावं म्हणून. आमचा फ्लॅट एवढासा. हॉलमध्ये कुणी उसासा टाकला तरी आत ऐकू येतो. ही ओट्याशी पाठ करून उभी होती. पोळ्यांची कणीक मळून झाली होती, तरी मळत होती.

"इंग्रिड, घाबरू नकोस," मॅडमचा आवाज आला. "तुझी काही तक्रार आहे?"

"हो," इंग्रिड म्हणाली. "तक्रार आहे."

हिचे हात थांबले. मी तीस वर्षांत त्या बाईला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"सहा दिवस काकू माझं कपाट उघडत नाहीत. मोजे तसेच आहेत. पोहे एकदाच देतात. मी काय चूक केली, ते सांगत नाहीत." मग म्हणाली, "मी रोज सात वाजता येऊन उभी राहते. मला कोणी मोजत नाही."

मी हिच्याकडे वळलो तर ही जागेवर नव्हतीच. कणकेच्या हातांनी हॉलमध्ये, दारबीर न वाजवता.

"मग तोंड नव्हतं का सांगायला?" ही कडाडली. "सहा दिवस! पाणी पीत बसली! नीट उभी राहा."

इंग्रिड फोटोखाली नीट उभी राहिली. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते, पण तिथे घड्याळाला विचारतो कोण. हिने माझ्याकडे बोट केलं. "एक." इंग्रिडकडे. "दोन." स्वतःच्या छातीवर कणकेचा हात ठेवला आणि तीन काही तोंडातून निघेना. जेलमध्ये टोटल अडली की पुन्हा पहिल्यापासून मोजतात. हिने नाक ओढलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मी, इंगू, ती. "टोटल तीन."

तेजस्विनी मॅडमनी फॉर्म मिटला, डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि पर्स उचलली. "येते मी, काकू. आता काही प्रश्नच नाही."

ही दारात आडवी उभी राहिली.

"चार," ही म्हणाली. "बसा. पोळ्या टाकते. टोटल झाल्यावर आमच्याकडे कुणाला सोडत नाहीत."