चौथा खंड येण्याआधी

मी खोटं बोलले होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी तिच्या नावाने बोटं मोडणार आहे, तेव्हा कुणी मला साळसूद म्हणायला नको.

आमची ओळख हळदीकुंकवात झाली. अ‍ॅमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट वस्तीत संक्रांतीच्या दिवसांत दर शनिवारी कुणाकडे तरी हळदीकुंकू असतंच, आणि वाण म्हणून डबे नाहीतर चाळण्या मिळतात. त्या वर्षी एका नव्या मुलीने जुनी पुस्तकं वाटली. तिशीची असेल, नवऱ्यामागोमाग डिपेंडंट व्हिसावर आलेली, जशी पंधरा वर्षांपूर्वी मी आले होते. क्रिंगलोपमधून, म्हणजे इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून, तिने दोन पिशव्या भरून आणली होती. एक मधमाश्यांवर, एक समुद्र अडवणाऱ्या बंधाऱ्यांवर, एक झोपेवर, एक चक्क गटारांच्या इतिहासावर. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. गटारं जिच्या वाट्याला आली तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला मिठावरचं मिळालं आणि मी तिळगूळ तोंडात टाकून तिथेच दोन पानं वाचून काढली.

"ताई, तुम्ही एकट्याच खूश झालात," ती म्हणाली.

मग आमचं ठरलंच. दर बुधवारी सकाळी आम्ही बोसमध्ये, म्हणजे वस्तीला लागून असलेल्या त्या मोठ्या रानात, तास-दीड तास चालायचो. जाताना ती मला माहिती सांगायची आणि येताना मी तिला गोष्ट. कादंबरी तिला झेपायची नाही. "खोट्या माणसांची नावं माझ्या लक्षातच राहत नाहीत हो," म्हणायची. पण ऐकायला मात्र तिला भारी आवडायचं. मी त्या वेळी एका कोरियन लेखकाच्या प्रेमात होते. त्याची चार खंडांची ऐतिहासिक कादंबरी. राजदरबाराला कागद पुरवणारं डोंगरातलं एक गाव, आणि त्या गावातली, थंडीत बर्फासारख्या पाण्यात हात घालून कागद गाळणारी एक सून. मी ती इंग्रजीतून वाचायचे आणि चालता चालता मराठीत सांगायचे. सासू बोलायची ती थेट आमच्या साताऱ्याच्या भाषेत. सांगताना मला इतकी मजा यायची म्हणून सांगू! इथे पंधरा वर्षं मी इतरांच्या मीटिंगांच्या वेळा लावल्या, मुलांच्या शाळेतली पत्रं भाषांतरून नवऱ्याला समजावली. माझं बोलणं कुणी थांबून ऐकतंय, हे पहिल्यांदाच घडत होतं.

ती फोनवर रेकॉर्ड करायची. "सायकलवरून जाताना पुन्हा ऐकते, ताई." मला काय, मी फुलून जायचे.

तिसऱ्या खंडाच्या शेवटी ती सून एका दुपारी घर सोडून जाते. चौथा खंड इंग्रजीत यायचा होता. पण हिला दम कुठला! दर बुधवारी तेच. "ताई, आली का हो ती परत? परवा वाचलंत ना?" चार बुधवार टाळलं. पाचव्या बुधवारी मी म्हटलं, हो, आलाय चौथा खंड, आणि सुनेला परत आणली.

अकरा दिवसांनी ती परत आली, मी सांगितलं. पायात दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला होत्या. घरात कुणी काही विचारलं नाही. ज्या नवऱ्याने जन्मात पाण्याचा पेला स्वतःच्या हाताने भरला नव्हता, त्याने उठून तिचं ताट वाढलं, आणि ती जेवली.

हे कोरियातलं नव्हतं. ही माझी आई होती. मी नऊ वर्षांची असताना ती अशीच गेली आणि अशीच आली. आमच्या घरात त्यावर आजतागायत एक अक्षर कुणी काढलेलं नाही. मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ते त्या दिवशी तोंडातून कसं गेलं, देव जाणे. ऐकून ती रस्त्यातच थांबली आणि रडली, आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

पुढच्या संक्रांतीला शेजारच्या हार्लेम गावच्या एका बाईंनी मला कुंकू लावता लावता विचारलं, "तुम्ही ती कोरियन गोष्ट ऐकता का हो? आपल्यातलीच मुलगी सांगते, यूट्यूबवर. काय भाषा आहे हो तिची! ती सासू तर अगदी आपल्या घरातलीच."

मी तिथेच बाथरूममध्ये जाऊन ऐकलं. आवाज तिचा, शब्द माझे. कुठे थांबायचं तेसुद्धा माझं. एकेचाळीस भाग. शेवटच्या भागात चपला होत्या, ताट होतं, सगळं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली आणि मग एकदम आई आठवली. आई रोज भाजी निवडताना फोनवर मराठी गोष्टी लावून बसते.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभी राहिले. ती घाबरली नाही की ओशाळली नाही, ह्याचाच मला जास्त राग आला.

"तुमचं नाव घालणार होते," म्हणाली. "पण तुम्ही नको म्हणाला असतात."

"विचारून तरी बघायचंस!"

"ताई, गोष्ट त्या लेखकाची आहे. तुमची नाही, माझीही नाही."

"बाकीचे चाळीस राहू देत. शेवटचा भाग काढून टाक."

"का? लोकांना तोच सगळ्यात आवडलाय."

का, ते सांगता येत नव्हतं. सांगायचं तर मी थाप मारली हे कबूल करावं लागलं असतं. मी तशीच परत आले आणि तिने वर्षभरात दिलेली सगळी पुस्तकं जेवणाच्या टेबलावर मांडून बसले. मीठ, घड्याळं, मुंग्या, नकाशे, पूल. तिने मला सांगितलेली एक तरी गोष्ट चुकीची निघावी म्हणून दोन दिवस पानं धुंडाळली. एकही निघाली नाही. बयेने प्रत्येक पुस्तक पानन् पान वाचलं होतं.

पंधरा दिवसांनी तो लेखक अ‍ॅमस्टरडॅमच्या वाचनालयात आला. सत्तरी उलटलेला, बुटका, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. शेजारी दुभाषी. मी मागच्या रांगेत बसले होते. ती पुढे. प्रश्नांची वेळ झाली तशी तिने हात वर केला आणि स्वच्छ इंग्रजीत विचारलं, की सून परत येते तेव्हा तिच्या पायात दुसऱ्याच्या चपला का आहेत?

दुभाष्याने सांगितलं. लेखकाने पुन्हा सांगायला लावलं. मग मान हलवून म्हणाला, की माझ्या पुस्तकात ती परत येत नाही. चौथा खंड अजून ह्या भाषांमध्ये आलेलाच नाही, तुम्ही हे कुठे वाचलंत?

लोक हसले. ती वळली आणि तिने बरोबर मला शोधून काढलं.

बाहेर सायकलींच्या स्टँडपाशी तिने मला गाठलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही मला फसवलंत, ताई. मी तुम्हाला कधी एक शब्द खोटा सांगितला का?"

चोर ती, आणि रडून मलाच जाब विचारत होती! मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. पण ती खरंच दुखावली होती, आणि त्या दिवशी आमच्या दोघींत खोटी मी ठरले होते. म्हणून मी तिला खरं सांगितलं. आईचं. सगळं. म्हटलं, आता कळलं ना, आता तो भाग काढ. तिने माझे दोन्ही हात धरले. "काढते, ताई. आजच काढते. शप्पथ."

आणि काढला तिने. शब्दाला पक्की! पुढच्या बुधवारी त्याच्या जागी नवा भाग आला. त्यात तिने श्रोत्यांची माफी मागितली. म्हणाली, मी खोटी माहिती देत नाही, म्हणून खरं काय ते सांगणं माझं कर्तव्य आहे. तो प्रसंग कादंबरीतला नव्हता. तो माझ्या एका मैत्रिणीच्या आईच्या आयुष्यात घडलेला होता. साताऱ्यात.

मी तिला फोन केला नाही, की दारातही गेले नाही. काय बोलणार? कुणाचंही नाव तिने घेतलं नव्हतं. जे सांगितलं ते सगळं खरं होतं. पण अशी दगाबाज बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि ती स्वतःला अजूनही प्रामाणिक समजते.

रविवारी आईचा फोन आला. हवापाणी झालं, मुलांची परीक्षा झाली. मुलं स्पीकरवर "हाय आजी" म्हणून पळाली. मग आईने विचारलं.

"ती कोरियाची गोष्ट सांगणारी मुलगी तुमच्याकडचीच का गं?"

मी हो म्हटलं.

"तू सांगितलंस तिला."

"आई, मला माहीत नव्हतं ती असं..."

"तिचं सोड. ती कोण माझी?" आईचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या बाबांनी विचारलं नाही. ते गेले बिचारे तसेच. तुझ्या मामांनीही नाही विचारलं. मला वाटायचं, मुलगी मोठी झाली की ही तरी विचारेल. वाट बघत होते गं मी. आणि तू दुसऱ्यांना सांगत सुटलीस."

मला रडू आवरेना. म्हटलं, "आई, कुठे गेली होतीस तू?"

"आता नाही सांगायची," आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.