आत्याचा आराम

आत्याबरोबर चालायचं म्हणजे पळायचंच. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती शिरड शहापूरच्या आसपासची गावं पायी फिरायची, आणि मी रिकाम्या हातांनी मागे धापा टाकत असायची. कुणी गाडीवर बस म्हटलं, तर म्हणे, "गाडीवरून गिऱ्हाईक दिसत न्हाई."

पुढे मी आयर्लंडात फिजिओथेरपिस्ट झाले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना हळूहळू चालवायचं, नाडी बघायची, पुन्हा चालवायचं. तिथे अशांच्या घरी पत्रच येतं, अमुक वारी व्यायामाला या म्हणून. हे फोनवर ऐकून आत्या हसत सुटली. "माणसं चालवाया बी पगार? मंग मी तर साहेबीणच झाली असती!"

मागच्या वर्षी तिलाच झटका आला. नांदेडला स्टेंट बसला, काम उत्तम झालं. घरी सोडताना गोळ्या मिळाल्या आणि एक शब्द मिळाला, आराम. पुढे चालवून घेणारं जवळपास कुणी नव्हतं. सुना इतक्या मायेच्या, की पाण्याचा तांब्याही तिला उचलू देईनात. आमच्याकडे बरं वाटण्यालाही आरामच म्हणतात. शेजारणी विचारत, "आराम हाय का?" आत्या बाजेवरूनच म्हणे, "आरामच आराम!"

महिन्याभराने तिने मला फोनवर विचारलं, "चालू का गं जरा? तकलीफ न्हाई काही."

मी नेमकी माझ्या पेशंटांना चालवायला निघाले होते. डॉक्टरांना विचारून घे, अंगणापासून सुरू कर, दम लागला की थांब, एवढं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण काही झालं तर नाव माझं येईल, या भीतीने मी म्हणाले, "आत्या, आराम कर." त्याची लाज अजून जात नाही. सुनांचं तिने मनावर घेतलं नसतं. माझं घेतलं. "शिकलेली लेक सांगून राहिली," असं सगळ्यांना सांगायची म्हणे.

या दिवाळीत गेले, तर तिच्या पायांच्या काड्या झालेल्या. उभं राहायलाच भीत होती. हाताला धरून मी तिला दारापर्यंत नेलं. उंबऱ्यापाशी तिला धाप लागली. मी थांबले.

"तिथल्या म्हाताऱ्या बायांला चालवतीस नव्हं? मंग मला काहून निजवलं गं?"

ती रागावली नव्हती, खरंच विचारत होती.

"तिथं सोय असते, आत्या. इथं काहीच नाही."

हे खोटंही नव्हतं. आत्या दाराबाहेर बघत राहिली.

"रस्ता व्हता की," ती म्हणाली.