पालथा पेला

माझी धाकटी जाऊ साबणाच्या कारखान्यात वास घेण्याची नोकरी करते. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, "आणि त्याचा पगार देतात?" देतात. साबणाची प्रत्येक खेप बाजारात जाण्याआधी एका लांब टेबलावर येते. तिथे बसलेल्या बायका ती हुंगतात आणि पास की नापास ते ठरवतात. घरात आम्ही तिला नाकबाई म्हणतो. दूध नासायच्या बेतात आहे हे तिला दुधाच्याही आधी कळतं. भावोजी बाहेर सिगारेट ओढून, वर बडीशेप खाऊन, साळसूद चेहऱ्याने घरात शिरले, की ती मान वर न करता म्हणते, "आज दोन ना?"

"घरात माझ्या नाकाला सगळे हसता," ती एकदा मला म्हणाली होती, "पण ताई, तिथे मी नाक मुरडलं की आख्खी खेप थांबते."

त्या टेबलाचे दोन रिवाज आहेत. एक, अंगाला कसलाही वास लावून यायचं नाही. तेल, पावडर, अत्तर, काही नाही. आणि दुसरा, पेल्याचा. दोन वासांच्या मध्ये घोटभर पाणी प्यावं लागतं, म्हणून प्रत्येकीसमोर तिचा स्वतःचा स्टीलचा पेला असतो. लांबच्या रजेवर जाणारी बाई पेला धुऊन आपल्या जागी पालथा घालून जाते. पालथा पेला म्हणजे 'मी परत येणार आहे'. तिच्या जागी बदली बसली तरी ती त्याला हात लावत नाही, स्वतःचा आणते. नोकरी सोडून जाणारी मात्र पेला घरी नेते. कारखान्यात नियमांचं जाडजूड पुस्तक आहे, ते कुणी उघडत नाही. पेल्याचा नियम कुठेच लिहिलेला नाही, आणि तो मोडल्याचं कुणाला आठवत नाही.

जावेला दिवस गेले आणि तिचं नाकच तिच्यावर उलटलं. आधी कांद्याचा वास सहन होईना, मग भाताचा, मग भावोजींचा. भावोजी बिचारे नुसत्या पाण्याने दोनदा आंघोळ करून दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "आता येऊ?" पुढे पुढे ती म्हणायला लागली, "ताई, पाण्यालाही वास येतोय." पोटात घोट ठरेना.

सासूबाईंना हे नुसते लाड वाटत होते. "आम्हाला काय पोरं झाली नाहीत? मी एका हाताने ओकत होते नि दुसऱ्या हाताने धुणं धुवत होते."

मग एका सकाळी जाऊ न्हाणीघराच्या उंबऱ्यातच कोसळली. दवाखान्यात सलाईन लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, ओकाऱ्या सगळ्यांना होतात. हा त्याच्या पुढचा आजार आहे. हिला विश्रांती लागेल, आणि लांबची लागेल." सासूबाईंचं मत बदललं नाही, नुसता आवाज खाली आला. "मग सोडून दे म्हणावं नोकरी. साबण काय, दुसरं कुणी हुंगेल."

कारखान्यालाही नेमकं हेच वाटत होतं. तिथे एक कामगार कल्याण अधिकारी आहेत. त्यांच्या हुद्द्यात कल्याण आहे म्हणून बाकी कुठे असायची गरज त्यांना भासत नसावी. आम्ही त्यांना कल्याणसाहेबच म्हणतो. त्यांचा पहिला फोन आला, "गरोदरपण हा काही आजार नव्हे. मग आजारपणाची रजा कशी मिळेल?" डॉक्टरीणबाईंचा दाखला गेल्यावर दुसरा फोन आला, "एवढा मोठा आजार? मग बाईंना यापुढे काम कसं झेपणार?" म्हणजे आजारी नाही म्हणून रजा नाही आणि आजारी आहे म्हणून नोकरी नाही. इतकी मोठी खुर्ची माणसाला उगाच मिळत नाही.

टेबलावरची सर्वांत जुनी बाई कामगारांची प्रतिनिधीही आहे. तिला सगळे टेबलमावशी म्हणतात. तिने फोनवर जावेला बजावलं, "नीट ऐक गं. गरोदरपणातल्या आजाराची रजा वेगळी धरतात. ती गैरहजेरीत मोडत नाही. त्या रजेवरून तुला काढता येत नाही, आणि परत आलीस की तुझी जागा तुझी. पेलाही मी धुऊन पालथा घातलाय. फक्त स्वतःहून सोडते असं तोंडातून काढू नकोस."

"तोंडातून दुसरंच निघतंय मावशी, थांबणारच नाहीये," जाऊ म्हणाली आणि फोन माझ्याकडे देऊन पळाली.

मग एका रविवारी कल्याणसाहेब सदिच्छा भेटीला आले. बरोबर टेबलमावशी होती, नियमाप्रमाणे प्रतिनिधी लागतो म्हणून. साहेब जिन्यात होते तेव्हाच त्यांचं अत्तर घरात येऊन बसलं. जावेने दारातूनच नमस्कार केला आणि न्हाणीघरात शिरून आतून कडी लावली. पुढची सगळी बोलणी त्या बंद दाराशी झाली.

साहेबांच्या हातात चकचकीत कागदात बांधलेली करंडी होती. "आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे," असं म्हणत त्यांनी ती सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाई खूश. उघडली तर आत साबणच साबण, गुलाबी, हिरवे, जांभळे. वासांनी आजारी पडलेल्या बाईला वासांचा आहेर! आणि साबणांच्या मधोमध एक स्टीलचा पेला.

"एवढी मोठी कंपनी आणि पेला एकच?" असं पुटपुटत सासूबाई तो घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, विसळला आणि फळीवर आमच्या पेल्यांत मांडला.

टेबलमावशीने पेला ओळखला. "साहेब, हा पेला टेबलावरून कधी उचललात?"

"काल कारखाना बंद होता ना. वस्तू बाईंची आहे. म्हटलं, घरपोच द्यावी."

"अगं, टेबलावर पालथा घातलेला तुझा पेला त्यांनी घरी आणलाय, नोकरी सोडल्यासारखा!" मावशीने दाराकडे तोंड करून हाक मारली.

आतून उलटीचा मोठा आवाज आला.

"नाराज होऊ नका बाई," साहेब दाराला समजावू लागले. "तुमच्याच भल्याचं सांगतो. तुम्ही फक्त नोकरी सोडायला हो म्हणा. पुढे कधी बरं वाटलं तर पॅकिंगला बघू काहीतरी."

"साहेब," आतून क्षीण आवाज आला, "आत्ता ओकले ती तुमच्या बोलण्यावर नव्हे, अत्तरावर. बोलण्यावर आता सांगते. मी नोकरी सोडत नाही. पॅकिंगलाही जाणार नाही. बरी झाले की माझ्या जागेवर येईन." आणि पुन्हा नळाचा आवाज.

साहेब हसले. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, त्यांच्याकडे वळून म्हणाले, "आजी, तुम्हीच समजवा. नोकरीची दगदग कशाला? बाईमाणसाला घरात बसून काय करायचं असतं? आरामच की."

ट्रे तिथेच थांबला. ज्या बाईने एका हाताने ओकत दुसऱ्या हाताने धुणं धुतलं, तिच्यासमोर हा माणूस हे बोलला होता. तोवर त्या पूर्णपणे साहेबांच्या बाजूच्या होत्या. आणखी दोन मिनिटं ते गप्प बसले असते तर त्यांचं काम झालं असतं.

"काय असतं म्हणालात घरात?"

"म्हणजे… आराम…"

सासूबाई ट्रेसकट परत फिरल्या. चहा आत गेला तो गेलाच. बाहेर आल्या त्या पेला घेऊन, आणि तो त्यांनी साहेबांच्या करंडीत, साबणांच्या डोक्यावर पालथा घातला. "जिथून उचललात तिथे ठेवा. अस्साच. आणि हे साबणही न्या. आमच्याकडे आंघोळी होतात."

"अहो, पण कायद्यात पेला वगैरे काही…"

"पेला नाही," टेबलमावशी उठत म्हणाली, "जागा आहे. आणि पाहणीला आला होतात ना, आजार खरा की खोटा? कानांनी ऐकलात. मी साक्षीला आहे. चला."

दुसऱ्या दिवशी मावशीने स्वतः तो पेला टेबलावर पालथा घातला. तसा तो आजारपणाची रजा संपेपर्यंत, बाळ होईपर्यंत आणि त्याच्यानंतरही राहिला. आजार सातव्या महिन्यात उतरला, पण अशक्तपणा राहिलाच. तोवर घरात सून ओकायला उठली की सासूबाई म्हणायच्या, "पड गं तू. मी आहे ना, आराम करत."

जाऊ कामावर परतली तेव्हा बदलीवाली बाई आपला पेला घेऊन उठली. कल्याणसाहेब मात्र टेबलापाशी हजर. त्यांनी जावेच्या खांद्याकडे बघितलं. निघताना बाळाने तिथे दूध काढलं होतं. पुसलं तरी आंबूस वास राहिलाच होता.

"टेबलावर वास घेऊन यायचं नाही, हा तुमचाच रिवाज ना?" साहेब गोड आवाजात म्हणाले. "बाळ मोठं होईपर्यंत पॅकिंगलाच बसा."

टेबलमावशीने वाकून जावेचा खांदा हुंगला. एखादी खेप हुंगावी तसा, डोळे मिटून. "हा वास लावलेला नाही. पास." मग मान वळवून तिने साहेबांचं अत्तर हुंगलं. तिच्या पाठोपाठ टेबलावरच्या सगळ्या बायकांची नाकं तिकडे वळली. आणि एकदम मुरडली.

साहेब एक पाऊल मागे सरले. नाकं तशीच. मग आणखी एक, करत करत दाराबाहेर.

जावेने पेला उचलला. खाली टेबलावर गोल खूण उमटली होती. पेला विसळून तिने सुलटा ठेवला, पाणी ओतलं आणि म्हणाली, "आणा पहिली खेप."